जिभेखालचे दोन थेंब

गेल्या महिन्यात एक आजी सुनेबरोबर तपासणीला आल्या. वय सत्तरीच्या पुढे, हृदयाची झडप बदलून बरीच वर्षं झालेली, रक्त पातळ ठेवायला रोज वॉरफरिनची गोळी. दंडांवर काळेनिळे डाग होते आणि ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येत होतं. रक्त किती पातळ आहे हे सांगणारा त्यांचा आयएनआर एरवी अडीच-तीनच्या घरात असायचा, तो पाचाच्या वर गेला होता. गोळी दोनदा घेतली का, अँटिबायोटिक घेतलं का, जेवण कमी झालंय का, सगळं विचारून झालं. शेवटी सुनेने पिशवीतून एक बाटली काढली. "ह्याचं काही नसेल ना डॉक्टर? गुडघ्यांसाठी जिभेखाली दोन थेंब घेतात. आयुर्वेदिक आहे." लेबलवर लिहिलं होतं, विजया अर्क.

विजया म्हणजे भांग. होळीच्या थंडाईत घोटतात तीच. या झाडाची पानं म्हणजे भांग, मादी झाडाचे फुलोरे म्हणजे गांजा आणि राळ म्हणजे चरस. 1985च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा आणि चरस यांवर बंदी आणली, पण नुसती पानं त्या व्याख्येबाहेर ठेवली. म्हणूनच पानांपासून बनवलेली औषधं आज आयुषच्या परवान्याखाली विकली जातात. आजींची बाटली बेकायदा नव्हती. पण ती घरात आहे, हे मला ठाऊक नव्हतं.

या झाडातली दोन द्रव्यं महत्त्वाची. टीएचसीने नशा येते, सीबीडीने येत नाही. नशा नाही म्हणजे धोका नाही, असं लोक धरून चालतात. पण यकृतातली जी विकरं वॉरफरिनचा निचरा करतात, त्यांनाच सीबीडी मंदावतं. गोळी तेवढीच राहते, रक्तातलं औषध मात्र साचत जातं. फिट्सवरचं क्लोबाझाम आणि किडनी बदललेल्यांचं टॅक्रोलिमस यांच्याबाबतीतही असंच घडतं. फिट्सवरचंच व्हॅल्प्रोएट चालू असेल तर यकृतावर ताण येऊ शकतो.

मग हे औषध खोटं आहे का? मुळीच नाही. 1839 साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात विल्यम ओशॉनेसी यांनी गांजाच्या अर्काचे प्रयोग लिहून ठेवले, त्यांत धनुर्वात आणि तान्ह्या बाळाचे झटके होते. झटक्यांची ती गोष्ट पुढे खरी ठरली. ड्रॅव्हे सिंड्रोम नावाच्या फिट्सच्या अवघड आजारात 120 मुलामुलींवर झालेला अभ्यास 2017मध्ये प्रसिद्ध झाला. सीबीडी घेणाऱ्यांचे महिन्याचे मोठे झटके साधारण 12 वरून 6 वर आले, खोटं औषध घेणाऱ्यांचे जवळपास तेवढेच राहिले. पुढच्याच वर्षी अमेरिकेने ते औषध मंजूर केलं. त्याचा डोस मात्र पाहा. रोज वजनाच्या दर किलोमागे 10 ते 20 मिलिग्रॅम, म्हणजे 20 किलोच्या मुलाला 200 ते 400 मिलिग्रॅम, तेही रक्ततपासण्या करत. दुकानातल्या दोन थेंबांशी त्याची तुलनाच होत नाही. म्हणून मुलाच्या फिट्सची गोळी बंद करून थेंब सुरू करू नका, हे मी हात जोडून सांगतो.

केमोथेरपीच्या उलट्या आणि मल्टिपल स्क्लेरोसिसमधला स्नायूंचा ताठरपणा यांवरही या झाडापासून आलेल्या औषधांचा उपयोग होतो. जुनाट दुखण्याचं चित्र धूसर आहे. वेदनाशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2021मध्ये या औषधांची शिफारस करायला नकार दिला. त्याच वर्षी दुसऱ्या एका तज्ज्ञगटाने म्हटलं की, नेहमीचे उपचार अपुरे पडले तर धूर न ओढता, थोड्या मात्रेत करून पाहायला हरकत नाही. फायदा थोड्याच लोकांना आणि बेताचाच होतो. काचबिंदूत डोळ्याचा दाब जेमतेम तीन-चार तास उतरतो. त्या भरवशावर डोळ्यात घालायचे थेंब सोडलेल्याची नजर परत येत नाही. आणि 'तेलाने कॅन्सर बरा होतो' असे संदेश पुढे पाठवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. त्यापायी केमोची तारीख चुकवणारी माणसं मी पाहिली आहेत.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, घरात स्किझोफ्रेनियाचा रुग्ण असलेल्यांनी, पंचविशीच्या आतल्या मुलांनी टीएचसी असलेलं काहीही घेऊ नये. हृदयविकार असेल तर छातीची धडधड वाढते. वय झालेलं असेल तर उठताना रक्तदाब उतरतो आणि माणूस पडतो. घेऊन गाडी तर चालवूच नका. किराणा दुकानातलं भांगेच्या बियांचं तेल वेगळं. 2021पासून ते खाद्यपदार्थ म्हणून मिळतं, त्यात सीबीडी जवळपास नसतंच, तेव्हा दुखण्यासाठी त्यावर पैसे घालवू नका. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांना सीबीडीच्या गोळ्या आणायला सांगू नका. वाटेतल्या दुबई किंवा सिंगापूरचे कायदे फार कडक आहेत.

आणि आधीच घेत असाल तर बाटली तपासणीला घेऊन या. मी रागावणार नाही. लेबलवर सीबीडी आणि टीएचसी किती मिलिग्रॅम, हे लिहिलेलं नसेल तर ती घेऊच नका.

आजींनी विचारलं, "मग गुडघ्यांचं काय?" प्रश्न रास्त होता. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, जास्त दुखणाऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात काठी आणि शेक, असं सुरू केलं आहे. थेंब बंद झाले, पण काम संपलं नाही. सीबीडी गेल्यावर वॉरफरिनचा निचरा पुन्हा भरभर होतो, आयएनआर खाली घसरतो आणि कृत्रिम झडपेवर गुठळी धरू शकते. म्हणून सुनेला सांगितलं आहे, आयएनआर स्थिरावेपर्यंत दर आठवड्याला रक्त तपासून आणायचं.