नाद, ध्यास आणि स्वमग्न माणूस

एखाद्या गोष्टीत बुडून जाणाऱ्या माणसासाठी आपल्या भाषेत शब्दांची वाण नाही. छंद आहे, ध्यास आहे, नाद आहे, खूळ आहे, वेड आहे. यांपैकी कोणता शब्द वापरावयाचा हे बहुधा आपण त्या माणसाकडे कसे पाहतो यावर ठरते. परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलाला अभ्यासाचा ध्यास असतो. तोच मुलगा दिवसभर आगगाड्यांचे वेळापत्रक पाठ करीत बसला तर त्याला खूळ लागलेले असते. आणि सहा महिन्यांनी आगगाड्या सोडून तो जुन्या नाण्यांच्या मागे लागला, की घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, "एक ना धड, भाराभर चिंध्या."

प्रस्तुत लेखात आम्ही स्वमग्न, म्हणजे ज्यांना इंग्रजीत ऑटिस्टिक म्हणतात अशा प्रौढ व्यक्तींच्या उत्कट आणि बदलत्या नादांचा विचार करणार आहोत. आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेचे पदवीधर आणि बँकेतील कारकून आहोत. परंतु हा विषय केवळ डॉक्टरांचा नाही, तो घराघरांतील आहे. स्वमग्न बालकांविषयी अलीकडे थोडेफार बोलले जाते. ही बालके मोठी होतात, नोकरीच्या वयाची होतात, म्हातारी होतात, याचा मात्र आपणांस विसर पडतो.

स्वमग्नता म्हणजे काय?

स्वमग्नता हा संसर्गाने होणारा रोग नाही किंवा आईबापांच्या संगोपनातील दोषही नाही. मेंदूच्या वाढीतील तो एक जन्मजात वेगळेपणा आहे. अशा व्यक्तीस इतरांच्या चेहऱ्यावरील भाव, बोलण्यातील गर्भित अर्थ, चारचौघांत वागण्याचे न सांगितलेले नियम कळणे कठीण जाते. आवाज, प्रकाश, स्पर्श यांचा त्रास काहींना फार होतो. ठरलेल्या क्रमात बदल झाला की मन अस्वस्थ होते. आणि एखाद्या विषयात मन विलक्षण तीव्रतेने गुंतते. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निदान-ग्रंथात ही तीव्र आवड स्वमग्नतेच्या लक्षणांपैकी एक म्हणून दिलेली आहे.

असे का होते? डायना मरे, माइक लेसर आणि वेन लॉसन या अभ्यासकांनी २००५ मध्ये एक उपपत्ती मांडली. ती सोप्या शब्दांत अशी सांगता येईल : सर्वसाधारण माणसाचे लक्ष ट्यूबलाइटसारखे असते, खोलीभर थोडा थोडा उजेड पडतो. स्वमग्न माणसाचे लक्ष बॅटरीच्या झोतासारखे असते. झोत पडतो तेथे लख्ख दिसते, बाजूला मात्र अंधार राहतो. म्हणून तो एका विषयातील बारकावे जाणतो, पण कोणी हाक मारली तर ती ऐकूही जात नाही. हा उद्धटपणा नव्हे. झोत एका जागेवरून काढून दुसरीकडे वळविण्यास त्यास वेळ लागतो, श्रम पडतात.

एका मुलाची आणि एका शेतकरी दांपत्याची हकीकत

स्वमग्नतेचा पहिला प्रसिद्ध शास्त्रीय लेख बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये लिहिला. त्यात अकरा मुलांची वर्णने होती. पहिला मुलगा होता डोनाल्ड ट्रिपलेट. त्याचा जन्म १९३३ सालचा, अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावातला. लहानपणी तो भांडी आणि लाकडी ठोकळे गरगर फिरवीत बसे. त्यात व्यत्यय आला की आकांत करी. माणसांपेक्षा त्यास अंक प्रिय होते. तिसऱ्या वर्षानंतर आईबापांनी त्यास एका संस्थेत ठेवले. वर्षभराने त्यांनी त्यास परत आणले आणि १९३८ मध्ये कॅनर यांना दाखविले.

पुढे १९४२ मध्ये त्यास गावापासून काही मैलांवर राहणाऱ्या एका शेतकरी दांपत्याकडे ठेवण्यात आले. १९४५ मध्ये कॅनर तेथे गेले आणि त्यांनी जे पाहिले ते प्रत्येक पालकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. डोनाल्डला त्या वेळी मोजमापाचा नाद लागला होता. दांपत्याने त्यास विहीर खणावयास लावली आणि तिची खोली मोजून सांगण्याचे काम दिले. तो मेलेले पक्षी आणि किडे गोळा करू लागला. त्यांनी ते फेकून दिले नाहीत. दफनासाठी एक जागा नेमून दिली आणि प्रत्येकाच्या नावाची पाटी लावावयास सांगितले. डोनाल्डने पाटीवर आधी एक नाव, मध्ये त्या जिवाची जात आणि शेवटी शेतकऱ्याचे आडनाव लिहिले. खाली जन्मतारीख अज्ञात अशी नोंद आणि तो जीव सापडला ती तारीख मृत्युदिन म्हणून! नंतर तो मक्याच्या ओळी पुनःपुन्हा मोजू लागला, तेव्हा त्यांनी नांगर चालविता चालविता ओळी मोजावयास सांगितले. घोडा आणि नांगर तो किती सफाईने हाताळतो हे पाहून कॅनर चकित झाले.

येथे दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी की नाद बदलत गेला : मोजमाप, मग मेलेले जीव, मग मक्याच्या ओळी. दुसरी अशी की त्या दांपत्याने एकही नाद मोडला नाही आणि कोणत्याही एका नादास मुलाला बांधूनही ठेवले नाही. जो नाद आला त्यास त्यांनी काम दिले. खणणे, लिहिणे, नांगरणे ही कामे मुलगा त्या नादाच्या बोटाला धरून शिकला. ते दोघे डॉक्टर नव्हते, शिक्षणतज्ज्ञ नव्हते. शेतकरी होते.

डोनाल्ड पुढे शाळेत गेला. १९५८ मध्ये पदवीधर झाला; त्याचा मुख्य विषय होता फ्रेंच. नंतर गावच्या बँकेत काउंटरवर रोखपाल झाला. १९७१ मध्ये कॅनर यांनी त्या अकरा जणांचा पुन्हा मागोवा घेतला, तेव्हा डोनाल्ड गोल्फ खेळण्यात रमलेला होता आणि त्यात त्याने स्थानिक चषकही मिळविले होते. बढतीची त्यास ओढ नव्हती. काउंटरवरील काम चोख होते. आम्हा बँकवाल्यांस ही हकीकत विशेष जवळची वाटते, कारण आकड्यांवर प्रेम करणारा आणि रोज त्याच जागी समाधानाने बसणारा सहकारी किती मोलाचा असतो हे आम्ही जाणतो. उत्तरायुष्यात त्यास प्रवासाचा नाद लागला आणि तो एकट्याने अनेक देश पाहून आला. २०२३ मध्ये वयाच्या ८९ व्या वर्षी त्याचे निधन झाले.

आता नाण्याची दुसरी बाजू. डोनाल्डच्या घरची बँकेत मालकी होती. घर सधन होते आणि गावाने त्यास सांभाळून घेतले. त्या अकरांपैकी जी मुले सरकारी मनोरुग्णालयांत गेली त्यांच्याविषयी कॅनर यांनी खेदाने लिहिले आहे. एके काळी दिसलेली त्यांची विलक्षण स्मरणशक्ती आणि चमक तेथे लोपून गेली. त्या भिंतींआड त्यांच्या नादाला काम देणारे कोणी नव्हते. नाद गेला, पण त्याबरोबर माणूसही मिटला.

नाद का बदलतो?

टेंपल ग्रँडिन या अमेरिकेतील पशुविज्ञानाच्या प्राध्यापिका स्वमग्न आहेत. त्यांचा जन्म १९४७ सालचा. लहानपणी त्यांना निवडणुकीच्या भित्तिपत्रकांचे वेड होते, पुढे आपोआप उघडणाऱ्या काचेच्या दारांचे. तरुणपणी सावत्र वडिलांच्या बहिणीच्या पशुपालन केंद्रावर गुरांना दोन्ही बाजूंनी दाबून स्थिर उभे करणारा सापळा पाहिला आणि मन त्यात अडकले. तसे यंत्र त्यांनी स्वतःसाठी बनविले, कारण त्या दाबाने जीव शांत होई. इतरांना हा प्रकार विचित्र वाटला. परंतु त्यांच्या विज्ञानशिक्षकांनी सांगितले, हा दाब मनाला शांत का करतो हे शास्त्राने शोधून काढ. त्या वाटेने त्या संशोधनाकडे वळल्या. गुरांना भय वाटू नये असे गोठे आणि मार्ग त्यांनी आखले.

काही स्वमग्न माणसांचा एकच विषय जन्मभर टिकतो. काहींचा दोन-चार वर्षांनी बदलतो, काहींचा काही आठवड्यांत. ज्यांच्यात स्वमग्नतेबरोबर लक्ष चंचल असण्याचा विकार, म्हणजे एडीएचडी असतो, त्यांच्यात हे बदल विशेष जलद होताना दिसतात. पूर्वी ही दोन निदाने एकाच व्यक्तीत एकत्र करण्यास मुभा नव्हती. २०१३ पासून ती मिळाली.

नाद सुटतो तेव्हा बाहेरच्यांना तो आरंभशूरपणा वाटतो. आरंभशूर माणूस मात्र कष्ट सुरू झाले की पळतो. स्वमग्न माणूस कष्टांना भीत नाही. तो त्या विषयाच्या तळापर्यंत जाऊन आलेला असतो. आणि नाद सुटल्यावर नवा सापडेपर्यंत काहींना मोठी पोकळी जाणवते. आनंदाचा, विश्रांतीचा, मन सावरण्याचा आधारच गेलेला असतो. त्याच वेळी घरचे टोमणे मारतात, तेव्हा माणूस पुढचा नाद लपवू लागतो. आम्हांस वाटते, सर्वांत मोठे नुकसान येथे होते. कारण त्याचे जगाशी बोलण्याचे दार त्या नादातूनच उघडत असते.

२०१८ मध्ये स्वमग्न प्रौढांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्या आवडीच्या विषयात रमल्याने जीवनात समाधान वाढते असे त्यातून दिसले. मात्र ती तीव्रता फार पराकोटीला गेली तर समाधान घटते, असेही आढळले. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

घरच्यांनी आणि मित्रांनी काय करावे?

१) नाद आणि सक्ती यांतील फरक ओळखावा. नादात आनंद असतो. पुनःपुन्हा हात धुण्यासारख्या कृतीत आनंद नसतो, भीती असते. दुसऱ्या प्रकारात मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

२) झोप, जेवण, नोकरी बुडत असेल, कर्ज होत असेल किंवा दुसऱ्या व्यक्तीला तिच्या इच्छेविरुद्ध त्रास होत असेल, तर मर्यादा घालावी. ती स्पष्ट शब्दांत, वेळ आणि रक्कम सांगून घालावी. "जरा कमी कर" या सांगण्याचा त्यास उपयोग होत नाही.

३) पैशाची सोय वेगळी करावी. नादासाठी स्वतंत्र बचत खाते उघडून दरमहा ठरावीक रक्कम त्यात टाकावी. त्या खात्यात आहे तेवढाच खर्च. यात वाद कमी होतात आणि त्या व्यक्तीचा मानही राहतो.

४) नाद सुटला म्हणून सामान लगेच रद्दीत देऊ नये. खोक्यात भरून वर नाव लिहून ठेवावे. सुटलेला नाद पुष्कळदा परत येतो.

५) हातातील कामातून उठविताना आधी सूचना द्यावी. दहा मिनिटे अगोदर सांगितले तर झोत वळविण्यास अवधी मिळतो.

६) नादाविषयी प्रश्न विचारावा आणि उत्तर शेवटपर्यंत ऐकावे. डोनाल्डच्या शाळेतील मुलांनी त्यास इमारतीच्या विटा मोजावयास सांगितल्या होत्या. त्याने क्षणात एक आकडा सांगितला आणि तो गावभर झाला. म्हातारपणी त्याने कबूल केले, की तो आकडा मनचाच होता. त्या मुलांनी आपल्याला चांगले म्हणावे एवढीच त्याची इच्छा होती. स्वमग्न माणसास इतरांची ओढ नसते, असे म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग आठवावा.

आपल्या देशात १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात स्वमग्नतेचा स्पष्ट समावेश आहे. २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी किमान ४ टक्के जागा राखीव आहेत. त्यांपैकी १ टक्का ज्या गटांसाठी आहे त्यांत स्वमग्न व्यक्तीही येतात. त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. शिकणाऱ्या मुलामुलींनी ही माहिती आपल्या वस्तीतील गरजू कुटुंबांपर्यंत अवश्य पोहोचवावी.

तथापि कायदा दाराशी आणून सोडतो. आत घ्यायचे काम आपले आहे. आपल्या नात्यात, शेजारात, कचेरीत असा एखादा माणूस असेल. लोक त्याला एककल्ली म्हणत असतील. यंदा तो ज्या गोष्टीत रमला आहे ती पुढच्या वर्षी कदाचित नसेल. आज आहे तोवर त्या शेतकरी दांपत्याप्रमाणे तिला एखादे काम द्यावे आणि उद्या ती बदलली तर त्यास लाजवू नये, एवढीच या लेखामागील अपेक्षा आहे.