बारीक बाण, हलका बाण : बेअरबोला कोणता?

प्रश्न : मी शाळेपासून बांबूच्या धनुष्यावर इंडियन राउंड खेळत आले. आता 30 पौंडांचे टेकडाउन रिकर्व्ह घेतले आहे आणि बेअरबो खेळायचे आहे. क्लबमधली मंडळी म्हणतात, कार्बन बाण जितका बारीक आणि हलका तितका चांगला. हे खरे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : 50 मीटरच्या मैदानावर त्यांचे म्हणणे बरेचसे खरे आहे. पण निवड तिथून सुरू करू नका. आधी स्पाइन बघा.

स्पाइन म्हणजे शाफ्टचा ताठपणा. 28 इंचांवरच्या दोन आधारांवर शाफ्ट ठेवून मधोमध सुमारे 880 ग्रॅम वजन टांगतात आणि तो किती वाकला ते इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. 700 स्पाइनचा शाफ्ट 0.7 इंच वाकतो. आकडा मोठा तितका शाफ्ट नरम. बोटांवरून सुटताना दोरी किंचित बाजूला सरकते, म्हणून बाण आधी वळवळतो, मग सरळ होतो. ही वळवळ धनुष्याच्या जोराशी जुळली नाही, तर बाण कितीही महाग असो, ग्रुप बसत नाही. तुम्ही 700 च्या आसपास सुरुवात करा. मात्र लिंबवर छापलेले 30 पौंड 28 इंच खेचीचे असतात. तुमची खेच कमी असेल तर बोटांवर कमीच भरतील. बो स्केलवर मोजून घ्या.

आता हलकेपणा. बेअरबोला साइट नसते, बाणाचे टोकच साइटचे काम करते. ज्या अंतरावर टोक थेट पिवळ्यावर धरले की बाण पिवळ्यात लागतो, ते तुमचे पॉइंट-ऑन अंतर. हे 50 मीटरच्या आत आले, तर टोक टार्गेटच्या वर, मोकळ्या हवेत धरावे लागते आणि तिथे नजर टेकायला काहीच नसते. कमी पौंडांच्या खेळाडूची खरी अडचण ही आहे. हलका बाण वेगाने जातो, पॉइंट-ऑन लांब सरकते. बाण आखूड केला तरी ते लांब जाते, पण मग स्पाइन ताठ होतो; म्हणून दोन्ही एकत्र जुळवावे लागते. जवळच्या अंतरांसाठी दोरीवर बोटे खाली सरकवता येतात, त्यामुळे तिथे काळजी नाही.

हलका म्हणजे किती? 29 इंचांचा शाफ्ट इंचाला 6 ग्रेन धरला तर 174, पॉइंट 100, नॉक-वेन मिळून 15 ते 20. एकूण 290 ग्रेन, म्हणजे जेमतेम 19 ग्रॅम. पौंडामागे साडेनऊ ग्रेनच्या वर, तुमच्या धनुष्याला हे छान मानवेल. हेच वजन 45 पौंडांच्या लाकडी धनुष्यावर पौंडामागे साडेसहाच्या आत येते. बाणाने न झेललेली शक्ती मग धनुष्याच्या अंगावर येते. आवाज वाढतो, हादरा बसतो. तसल्या धनुष्याला 10 च्या आसपास हवे.

बारीकपणाचा फायदा वाऱ्यात. आतून 4.2 मिलिमीटरच्या शाफ्टवर आडव्या वाऱ्याला पकड कमी मिळते. इनडोअरला, 18 मीटरवर, वारा नाही. तिथे जाड बाण रेषेला शिवून वरचा गुण मिळवतो. वर्ल्ड आर्चरीची शाफ्टची मर्यादा 9.3 मिलिमीटर आहे. दोन्ही खेळणार असाल तर दोन संच करा, पण आधी मैदानाचा.

पुढे लाँगबोकडे वळलात तर ध्यानात असू द्या, वर्ल्ड आर्चरीच्या स्पर्धांत त्या गटाला बाण लाकडाचेच लागतात. शेल्फवरून सोडणार असाल तर प्लॅस्टिकच्या वेनऐवजी पिसे लावा. ती शेल्फला घासताना दबतात, बाणाला धक्का देत नाहीत.

डझन एकदम घेऊ नका. चार शाफ्ट न कापता आणा, एकाला वेन लावू नका. उजव्या हाताने खेचत असाल आणि तो बाकीच्यांच्या डावीकडे लागला, तर स्पाइन ताठ. उजवीकडे लागला, तर नरम. नरम वाटला तर पाव-पाव इंच कापत जा, ताठ वाटला तर जड पॉइंट घाला. आणि बटरेसवरून काढलेला प्रत्येक बाण दोन्ही हातांत धरून किंचित वाकवा, फिरवा. करकर ऐकू आली किंवा चीर दिसली, की तो बाद करा. तडकलेला कार्बन सुटताना फुटतो आणि त्याच्या काड्या धनुष्य धरलेल्या हातात घुसतात.