तळाचा रहिवासी : गोबी मासा

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्र नाही. मग कला शाखेच्या विद्यार्थ्याने प्रवाळ खडकांतल्या माशावर का लिहावे, असे कुणी विचारील. पण या माशाचे भाऊबंद आपल्या गोदावरीतही आहेत, म्हणून हा प्रपंच.

मासा म्हणजे पाण्यात सदैव पोहणारा, असे आपण धरून चालतो. गोबी कुळातील बहुतेक मासे तळाशी बसून राहतात. माशाला पाण्यात अधांतरी ठेवणारी हवेची पिशवी पुष्कळ गोबींत लहान असते किंवा नसतेच. पोटाखालचे दोन पर मात्र बहुधा जुळून त्यांची वाटी झालेली असते. तिच्या आधाराने तो दगडाला धरून राहतो. प्रवाळांतील कित्येक गोबी बोटभरही लांब नसतात.

उष्ण समुद्रांतील प्रवाळांजवळच्या वाळूत काही गोबी एका जातीच्या कोळंबीबरोबर एकाच बिळात राहतात. कोळंबीला फार कमी दिसते, पण बीळ खोदते तीच. मासा दाराशी पहारा करतो. कोळंबी आपली मिशी त्याच्या अंगाला लावून ठेवते. संकट दिसताच मासा शेपटी हलवतो आणि दोघेही आत! एकाचे श्रम, दुसऱ्याचे डोळे, असा हा संसार.

महाराष्ट्रात प्रवाळ पाहायचे तर मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात जावे. तेथे 1987 साली सागरी अभयारण्य जाहीर झाले. विजयदुर्गपासून पश्चिमेस सुमारे 100 किलोमीटरवर समुद्रात बुडालेला प्रवाळांचा उंचवटाही आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात.

आता आपल्याकडचा गोबी. याचे शास्त्रीय नाव ग्लॉसोगोबियस गियुरिस. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी 1822 साली गंगेच्या माशांवरील ग्रंथात त्याचे वर्णन केले. नदी, तलाव, खाडी सर्वत्र तो राहतो, वाळूत अंग पुरून भक्ष्याची वाट पाहतो. या कुळात मादी सहसा दगडाला किंवा शिंपल्याला अंडी चिकटवते आणि नर त्यांची राखण करतो.

म्हणजे घर, शिकार, पाळणा, सारे तळावरच. प्रवाळांवर गाळ बसला किंवा तळ खरवडणारी जाळी फिरली, की हे घर मोडते. प्रवरा, मुळा, गोदावरीच्या पात्रांतून वाळू उपसली जाते, तेव्हाही हेच घडते. पुलावरून पाहणाऱ्याला पाणी तेवढेच दिसते. खालचे घर गेलेले दिसत नाही. जायकवाडीला किती पाणी सोडावे, यावर आपल्या जिल्ह्यात वाद झडतात, आणि ते स्वाभाविकही आहे. पण नदीच्या हिशेबात पाण्याबरोबर तळही मांडला पाहिजे. बोटभर मासा आपल्याला एवढे तरी शिकवतो.