आश्रमशाळेत वाचनकोपरा : खर्च किती येतो?

द्राक्षांच्या कामाला सुरगाण्याची कुटुंबं दिंडोरी-निफाडकडे उतरतात, मुलं आश्रमशाळेत राहतात. रात्रीच्या जेवणानंतर झोपेपर्यंतचा वेळ मोकळा. वाचन रुजवायचं ते याच वेळात. ६० मुलांचा हिशेब मांडू. भाव अंदाजे आहेत, दुकानागणिक बदलतील.

देणगीदार हौसेने आधी काचेचं कपाट देतात. त्यात सात-आठ हजार जातात आणि पुस्तकं हरवतील या भीतीने किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात. कपाट नकोच. कापडी खिशांचा पडदा शिंप्याकडून ७०० रुपयांत होतो. मुखपृष्ठं समोर दिसतात, मूल स्वतः पुस्तक काढतं. पडदा ओल धरणाऱ्या भिंतीवर टांगू नका. इथल्या पावसात पानं चिकटतात.

चित्रपुस्तकं सरासरी ६० रुपयांना धरली तर १०० पुस्तकांचे ६,००० रुपये. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, बिल बघून घ्या. घरातली रद्दी म्हणून निघालेली स्पर्धा परीक्षांची पुस्तकं कृपा करून 'दान' करू नका.

प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हरवर मराठी गोष्टी मोफत आहेत. छापायला, भाषांतर करायलाही मुभा आहे. पानाला दोन रुपये झेरॉक्स धरली तर १६ पानी गोष्ट ३२ रुपयांत, अशा २० गोष्टी ६४० रुपयांत. घरी कोकणा बोलणाऱ्या पहिलीच्या पोराला पुस्तकी मराठी जड जाते. आठवी-नववीच्या मुलांकडून याच गोष्टी कोकणा बोलीत लिहून घ्या, लिहिणंही आपसूक होतं. बालभारतीच्या 'किशोर'चे १९७१ पासूनचे जुने अंकही संकेतस्थळावर फुकट वाचता येतात.

लिहिण्यासाठी प्रत्येकाला एक वही, जी कुणी तपासणार नाही. ३० रुपयांप्रमाणे १,८००. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या-पेन्सिलींवरही जीएसटी नाही. आणि पोस्टकार्ड! अजून ५० पैशांनाच मिळतं. महिन्याला दोन, दहा महिने : सगळ्यांचे मिळून ६०० रुपये. घरी वाचणारं कुणी नसेल तर दुसऱ्या आश्रमशाळेतल्या मुलांना लिहू द्या. पत्राचं उत्तर आलं की पुढचं पत्र लिहा म्हणून सांगावं लागत नाही.

बेरीज ९,७४०. फाटणाऱ्या दहा पुस्तकांचे ६०० वेगळे ठेवा. पैसे देण्याआधी अधीक्षकांना एवढंच विचारा : पुस्तक फाटलं तर मुलाकडून भरपाई घेणार का? 'हो' म्हणाले, तर आधी त्यावर बोला, खरेदी नंतर करा.