फोनवरून जनावर तपासणे : हे काम चालते कसे?



आपल्या पत्रिकेत ऊस विकास विभागाकडून दर वेळी बेणे, खोडवा, पाचट, हुमणी असे पाठ येत असतात. या अंकात आम्ही जरा निराळा विषय घेत आहोत. वाचताना प्रथम तो शहरातल्या हौशी लोकांचा वाटेल, पण आपल्या गोठ्याशी आणि उसाच्या गाडीशी त्याचा संबंध कसा येतो ते पुढे सांगतो.

आमच्या गटातील एका सभासदाची मुलगी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडली. हे महाविद्यालय १८८६ सालचे, म्हणजे जुने आणि नावाजलेले. पुढे ती पुण्यात एका कंपनीत नोकरीला लागली. कुत्र्या-मांजरांचे मालक फोन लावतात, मोबाईलवर जनावर दाखवतात आणि ही समोर बसून सल्ला देते. गावात चेष्टा झाली, 'जनावरांची डॉक्टर, आणि जनावराला हातच लावीत नाही!' खोटे कशाला बोला, आम्हीही हसलो होतो. दिवाळीत ती घरी आली तेव्हा वडिलांनी तिला गट ऑफिसात आणले आणि गप्पांत दुपार गेली. त्यानंतर आमचे हसू गेले.

ही कंपनी म्हणजे ज्याला स्टार्टअप म्हणतात तसली. धंदा नवा, घडी अजून बसायची आहे. आपल्या कारखान्याचे भागभांडवल सभासदांचे. तिथे मोठे गुंतवणूकदार पैसा घालतात आणि वाढ लवकर दाखवा म्हणून मागे लागतात. त्यामुळे एका फोनला किती मिनिटे गेली याचा हिशेब राहतो आणि फोन संपला की मालक डॉक्टरला एक ते पाच तारे देतो. तोड झाल्यावर सभासदाने चिटबॉयला तारे द्यावेत, तसला प्रकार! मुलगी म्हणाली, "काका, खरं सांगितलं की तारे कमी पडतात. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या म्हटलं, की मालकाला वाटतं, मग पैसे कशाला भरले?"

कामाची पाळी दुपारी सुरू होऊन रात्रीपर्यंत चालते, कधी पूर्ण रात्रपाळी. माणसे कामावरून घरी आली की जनावराकडे लक्ष जाते, म्हणून फोनांची गर्दी रात्रीची. पावसाळ्यात गोचीड आणि खाज, दिवाळीत फटाक्यांना घाबरून पलंगाखाली बसलेली कुत्री. पुष्कळ फोन खाण्यापिण्याचे आणि लसीच्या तारखांचे असतात, त्यांचे काम फोनवर चांगले भागते. कुत्रा माणसाला चावला असा फोन आला, तर कुत्र्याची चौकशी नंतर. आधी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी सरकारी दवाखाना गाठा, असे ती सांगते.

अवघड फोन निराळेच. दवाखान्यात डॉक्टर हाताने पोट चाचपतो, नळीने छाती ऐकतो, वास घेतो. इथे हात, नाक, कान सगळे मालकाचे आणि मालक घाबरलेला. म्हणून ती औषधाचे नाव काढण्याआधी विचारत जाते. शेवटचे कधी खाल्ले, लघवी केव्हा झाली, घरात काय उघडे पडले होते? हिरडीवर बोट दाबून सोडा, पांढरा डाग दोन सेकंदांत परत गुलाबी होतो का? बोका लघवीला बसतो आणि थेंब येत नाही, किंवा मोठ्या जातीचा कुत्रा नुसत्या कोरड्या ओकाऱ्या काढतो आणि पोट टम्म आहे, असे ऐकले की पुढचे प्रश्न बंद. रिक्षा बोलवा आणि निघा.

यातल्या काही गोष्टी आपल्या नाशिक जिल्ह्याने मुद्दाम ऐकण्यासारख्या आहेत. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात. बागेत राखणीला कुत्रा ठेवणारे आपल्यात किती आहेत! कांद्याने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, आणि गुरांनाही हे लागू आहे. चाळीतला सडका कांदा फुकट जातो म्हणून गाईपुढे पाट्याच्या पाट्या ओतल्या, तर लघवी तांबडी-काळपट होऊन गाय अशक्त पडते. तापाची माणसांची पॅरासिटामॉल गोळी मांजराला दिली, तर मांजर मरू शकते. असे बहुतेक फोन गोळी देऊन झाल्यावर येतात, असे ती म्हणाली.

फोनवर किती उपचार करावा हा वाद जगभर आहे. अमेरिकेत डॉक्टरने जनावर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय काही प्रकारची औषधे लिहू नयेत असा केंद्राचा नियम आहे. करोनामुळे मार्च २०२० मध्ये तो सैल केला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये पुन्हा कडक केला. आपल्याकडे १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार नोंदणी झालेल्या पशुवैद्यकानेच उपचार करायचे असतात. तेव्हा फोनवर बोलणारा नोंदणीकृत आहे का, हे विचारायला लाजू नये.

"सगळ्यात जड काय जातं?" असे आम्ही विचारले. आम्हाला वाटले, जागरण म्हणेल. ती म्हणाली, "फोन ठेवल्यावर पुढं काय झालं ते कळत नाही. कुत्रं वाचलं का गेलं, कोणी सांगत नाही. मी थांबा म्हटलं ते बरोबर होतं का, हे डोक्यात राहतं."

इथे आम्हाला आमचीच एक गोष्ट सांगणे भाग आहे. दोन हंगामांपूर्वी रात्री अकराच्या सुमारास टोळीतल्या एका गाडीवानाचा आम्हाला फोन आला. बैलाचे पोट फुगले आहे, काय करू? आमचे शिक्षण शेतीच्या पदविकेचे, गुरांच्या डॉक्टरकीचे नव्हे. तरी आम्ही ऐटीत विचारले, रवंथ करतो का? तो म्हणाला, मघाशी करत होता. मग सकाळी बघू, असे सांगून आम्ही झोपलो. पहाटे बैल गेला. जोडी मोडली, गाडी उभी राहिली, उचल अंगावर राहिली आणि नवरा-बायकोने उरलेला हंगाम दुसऱ्याच्या गाडीवर मोळ्या भरून काढला.

ही हकीकत आम्ही त्या मुलीला सांगितली. ती आम्हाला काही बोलली नाही. कागद घेऊन तिने आपण काय विचारले असते ते लिहून दिले. फुगवटा कोणत्या बाजूला आहे? डावी भकाळी वर येऊन टिचकी मारल्यावर ढोलासारखी वाजते का? मान लांब करून, तोंड उघडे टाकून श्वास घेतो का? सारखा उठतो-बसतो का? संध्याकाळी नवीन काय खाल्ले, कोवळा घास, धान्य की मळी? 'मघाशी' म्हणजे किती वाजता? भकाळी ढोलासारखी वाजते आणि श्वास लागला आहे, एवढे कळले तर सकाळची वाट पाहायची नाही, डॉक्टर रात्रीच आणायचा. तोवर जनावर उभे ठेवायचे, पुढचे पाय उंचवट्यावर घ्यायचे; आडवे पडलेल्या जनावराला तोंडाने काहीही पाजायचे नाही, ते फुप्फुसात जाते.

'मघाशी म्हणजे किती वाजता', हा साधा प्रश्न आम्हाला त्या रात्री सुचला नाही.

जनावरांसाठी सरकारचा १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. केंद्राच्या योजनेत एक लाख पशुधनामागे एक फिरते पथक धरले असून त्यात पशुवैद्यक, त्याचा सहायक आणि गाडी असते. फोन करणाऱ्याने जनावराजवळ उभे राहून बोलावे, घरातून नव्हे. फोटो उजेडात काढावा; २०२२ च्या ऑगस्टात रावेरकडून लम्पीची साथ आपल्या राज्यात पसरू लागली तेव्हा अंगावरच्या गाठी फोटोत चांगल्या दिसत. पण पोटातले दुखणे फोटोत दिसत नाही. तिथे ताप किती, श्वास मिनिटाला किती आणि डाव्या भकाळीवर मूठ दाबून धरली तर दोन मिनिटांत पोटाची हालचाल किती वेळा लागते, हे आकडे सांगावे लागतात. गाई-बैलाचा ताप साधारण १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असतो, श्वास विसाच्या आसपास, आणि पोटाची हालचाल दोन मिनिटांत दोन-तीनदा. हे आकडे जनावर चांगले असताना एकदा घेऊन गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवावेत, म्हणजे दुखण्यात फरक कळतो.

त्या मुलीने लिहून दिलेली प्रश्नांची यादी आम्ही गट ऑफिसच्या दारावर लावली आहे. गाडीवानांच्या तळावरही एक प्रत मुकादमांकडे दिली आहे. जनावरांसाठी दोन थर्मामीटर गट ऑफिसात ठेवले असून ते चिटबॉयकडे सही करून न्यावेत आणि धुऊन परत आणावेत.