भाकर थापता की लाटता?

पोरी, बडनेऱ्याहून पुण्याची गाडी धरण्याआधी हा कागद बॅगेत टाक. तुला सीलिॲक निघालं तेव्हा सगळं घर घाबरलं. मी घाबरले नाही, कारण या दुखण्यासोबत माझी बरीच वर्षं सुखाने गेली आहेत. गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लूटेनमुळे आपल्या लहान आतड्याचं अस्तर खराब होतं, आणि त्यावर उपाय एकच, ती धान्यं कायमची बंद. आपण कौंडण्यपूरची माणसं, ज्वारीच्या मुलखात वाढलेली; आपल्याला उपाशी राहायचं कारण नाही. फक्त बाहेर जेवताना लाज घरी ठेवायची. लाजली ती उपाशी, विचारलं ती तुपाशी!

१. हॉटेलात नुसतं 'ग्लूटेन' म्हणू नकोस. गहू, कणिक, मैदा, रवा, शेवया, दलिया, जव अशी एकेक नावं घे — आचाऱ्याच्या डब्यांवर ग्लूटेन लिहिलेलं नसतं, मैदा लिहिलेला असतो.

२. 'मला आवडत नाही' असं सांगू नकोस, 'डॉक्टरांनी कायमचं बंद केलंय' असं सांग — नावड वेटर विसरतो, दुखणं ऐकलं की मालक स्वतः उठून येतो.

३. गर्दी व्हायच्या आधी जेवायला जा, दुपारी बाराच्या आत नाहीतर संध्याकाळी सातच्या सुमारास — आचाऱ्याला तेव्हा तुझं ऐकायला कान असतो आणि ओटाही पुसलेला असतो.

४. भाकर मागवण्याआधी 'थापता की लाटता?' हे विचारच. लाटताना तुटू नये म्हणून कित्येक ठिकाणी ज्वारीत कणिक मिसळतात आणि थापणाऱ्या बाईच्या परातीतही कधी कणिक भुरभुरलेली असते — म्हणून कड अगदी गुळगुळीत आणि दुमडूनही कुठे चिरत नाही अशी भाकर ताटात आली, तर पहिला घास मोडण्याआधी पुन्हा विचार.

५. तवाही वेगळा माग, निदान घासून घ्यायला सांग — पोळीचं सुकं पीठ तव्याला चिकटून राहतं. तवा काळा, पण पोळी विसरत नाही.

६. आलूबोंडा नि भजी बेसनाची म्हणून लगेच हात पुढे करू नकोस. त्याच कढईत समोसा, कचोरी तळली का ते आधी बघ — उकळत्या तेलातही ग्लूटेन जळून जात नाही. शेगावची कचोरी तर मैद्याचीच, तिच्या वासावर समाधान मान.

७. वरणाच्या फोडणीत हिंग नको म्हण — बाजारातल्या हिंगाच्या पुडीत बहुतेकदा गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. घरी पुडीवरचं वाचून बिनगव्हाचा हिंग आण.

८. उडप्याकडे वाफेची तांदळाची इडली आणि साधा भात हा तुझा पहिला आधार. रवा इडली, रवा डोसा लांब ठेव आणि साध्या डोशाआधी तवा विचार — रव्याचा डोसाही त्याच तव्यावर पडतो. सांबारात हिंग असतोच, चटणीची फोडणीही विचार.

९. तर्रीत हिंग नसेल तर तर्रीपोहे खुशाल खा, पण शेजारी उपम्याचं पातेलं असेल तर पोहे नव्या झाऱ्याने वाढायला लाव — एकच झारा दोन्ही पातेल्यांत फिरतो.

१०. चायनीजच्या गाडीवर मैत्रिणींसोबत उभी राहा, गप्पा मार, पण खाऊ नकोस — नूडल्स सोडून फ्राइड राइस घेतला तरी सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो.

११. काहीच सुचलं नाही तर उपासाचं माग: साबुदाण्याची खिचडी, भगर, राजगिऱ्याचा लाडू, शिंगाड्याचा शिरा — यातल्या एकाही जिनसात मुळात गहू नाही. रोजच्या थालीपिठाच्या भाजणीत मात्र गहू असू शकतो, ते विचारून घे.

१२. गोडात जिलेबी, गुलाबजाम, शेवयांची खीर सोड. श्रीखंड, बासुंदी विचारून घे — पहिल्या तिन्हींत मैदा किंवा गहू असतो, नंतरची दोन्ही दुधाची.

१३. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा; हात जोड, कपाळाला लाव आणि शेजारच्याला दे. कार्तिकातल्या यात्रेला घरी येशील तेव्हा गव्हाच्या रोडग्यांच्या पंगतीतही तुझं वांगं-वरण आधी वेगळं काढून ठेवू — रोडगे कुस्करलेल्या हातांनीच वाढप होतं.

१४. पाकिटावर 'गहू नाही' एवढं वाचून थांबू नकोस, 'ग्लूटेन-फ्री' शोध आणि घटकांत जव नि माल्ट बघ — आपल्याकडे ग्लूटेन-फ्री म्हणायला किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन असून चालत नाही. ओट्ससुद्धा तसा शिक्का असला तरच घे.

१५. पुण्यात खोली घेतलीस की ज्वारी, तांदूळ गिरणीत द्यायच्या आधी गिरणीवाल्या काकांशी बोल. गव्हाचं दळण झालेल्या जात्यावर आपलं टाकू नकोस — जात्यातलं गव्हाचं पीठ तुझ्या डब्यात उतरतं. जमलं तर दोघी-तिघींनी मिळून घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू घालूच नका.

१६. पिशवीत भाजके शेंगदाणे, फुटाणे, गूळ आणि दोन केळी कायम असू देत — भुकेने कासावीस झालेला माणूस प्रश्न विचारत नाही.

१७. 'थोडं खाल्लं, काही झालं नाही' या भरवशावर राहू नकोस — पोट दुखलं नाही तरी आतलं अस्तर दुखावतं, आणि पुढे रक्त कमी होतं, हाडं ठिसूळ होतात.

१८. कोणी याला नवं फॅड म्हटलं तर रागावू नकोस, शांतपणे सांग — गव्हाचा आणि या दुखण्याचा संबंध नेदरलँड्सचे डॉक्टर विलेम डिके यांनी १९५० सालीच मांडला होता.

१९. तुझ्या आईची आणि भावाची रक्ततपासणी करून घ्यायला लाव, पण तोवर त्यांचा गहू बंद करू नकोस — हे दुखणं घराण्यात चालतं, आणि गहू आधीच सोडला तर तपासणीत ते लपून राहतं.

२०. ज्या हॉटेलात आचाऱ्याने तुझ्यासाठी तवा घासला, तिथे पुन्हा जा आणि त्याचं नाव विचारून आभार मान — पुढच्या वेळी तुला पाहून तो आपणच तवा घासायला घेईल.

पुण्यात पोहोचलीस की पहिल्या पंधरवड्यात अशी दोन-तीन हॉटेलं हेरून ठेव आणि मैत्रिणींना तिथेच घेऊन जा. कोणी जेवायला बोलावलं तर 'मला चालत नाही' म्हणून खोलीत बसून राहू नकोस. आधी फोन करून सांग, डबा सोबत ने, पण जा. घास चुकला तरी चालेल, माणसं चुकवू नकोस.