कोरा रकाना आणि शून्य

इतिहासाच्या शिक्षकाने संगणकावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण जुन्या दप्तरातील आकडे वाचणे आणि संगणकाच्या फायलीतील आकडे वाचणे यांत मला फारसे अंतर दिसत नाही.

पावसाच्या नोंदी घेऊ. साध्या मजकुराच्या फायलीत प्रत्येक ओळीवर तारीख, मग स्वल्पविराम आणि पुढे पाऊस मिलिमीटरमध्ये, असे समजा. पायथॉनमधील प्रोग्राम फाईल उघडतो, एकेक ओळ घेतो, 'स्ट्रिप'ने शेवटचे अदृश्य ओळखंडाचे चिन्ह काढतो आणि 'स्प्लिट'ने स्वल्पविरामापाशी ओळ तोडतो. दुसरा तुकडा आपल्याला आकडा दिसतो. संगणकाच्या लेखी ती अजून अक्षरेच असतात. ४५ आणि १२० यांची बेरीज सांगितली, तर १६५ ऐवजी ४५१२० हाती येते! क्रम लावल्यास ९ हा १२० पेक्षा मोठा ठरतो. म्हणून तुकडा 'फ्लोट'मधून काढावा. 'इंट' येथे चालणार नाही, ४५.५ आले की ते अडते. फाईल यूटीएफ-८ म्हणून उघडल्यास आपले देवनागरी अंकही पायथॉन ३ जसेच्या तसे वाचते, हे मला विशेष आवडले.

खरी कसोटी कोऱ्या रकान्याची. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर सावित्रीच्या पुरात बुडाले, त्याच दिवशी तळीयेवर दरड कोसळली. अशा दिवशी पर्जन्यमापकापर्यंत कोण पोहोचणार? नोंद राहून गेली, तर त्या ओळीवर 'फ्लोट' 'व्हॅल्यूएरर' देऊन थांबते. घाईत आपण तेथे शून्य भरतो. प्रोग्राम चालतो, बेरीज येते, आणि महापुराचा दिवस कोरडा ठरतो. दप्तरांत आपल्या पूर्वजांची नावे नाहीत, म्हणून ते नव्हतेच असे कोणी म्हटले, तर आपण मान्य करू काय?

तेव्हा 'ट्राय' आणि 'एक्सेप्ट' वापरून अशी ओळ पकडावी, तिची तारीख निराळ्या यादीत ठेवावी. सरासरी काढताना नोंद असलेल्या दिवसांच्याच संख्येने भागावे, आणि उत्तराखाली नोंद नसलेल्या तारखा छापाव्यात. पाऊस खरोखरच पडला नसेल, तर वहीत स्पष्ट ० लिहावे. रेघ मारून सोडू नये.

सरावासाठी पाच ओळींची फाईल करा, त्यांतील एक कोरी ठेवा, आणि प्रोग्राम चालविण्यापूर्वी सरासरी हाताने काढून पाहा.